साडेसहा इंचांची टॅक्सी

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच असतो, हे लहानपणी कोणालाच खटकत नाही. आमच्या गिरगावातल्या चाळीच्या अंगणात दरवर्षी किल्ला होत असे. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचे लिंपण आणि उतारावर अळीव पेरून उगवलेली हिरवळ. वर महाराज, मध्ये तोफा आणि पायथ्याशी, इतिहासाची मुळीच पर्वा न करता, कोणाची तरी पत्र्याची मोटार. मावळ्याला दरवाजातून आत शिरता येत नसे आणि मोटारीत बसता येत नसे. मी दहा वर्षांचा असताना ही गोष्ट मला एकाएकी खटकली, आणि त्या दिवसापासून हा मनुष्य बिघडला, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

कारण त्याच वर्षी, म्हणजे १९६६ साली, माझे धाकटे काका विलायतेहून परत आले. त्यांनी माझ्यासाठी एअरफिक्स कंपनीचे एक पाकीट आणले होते. त्यात १९३० सालची बेंटले मोटार होती. म्हणजे मोटार नव्हतीच, तिचे तुकडे होते. काका म्हणाले, "ही खऱ्या गाडीच्या बत्तीसपट लहान आहे. फुटाला तीन अष्टमांश इंच. यातला प्रत्येक तुकडा त्याच हिशेबात आहे, बरं का!" त्या वाक्याने मी जो गारद झालो, तो आज अडुसष्टी ओलांडली तरी सावरलेलो नाही.

ती बेंटले मी एका दुपारी जोडली. चिकटद्रव्य इतके वापरले की चारही चाके जन्माची घट्ट बसली, आणि मडगार्डावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. तो आजही तिथे आहे. बाकी माणसांचे अंगठे सरकारी कागदांवर सापडतात. माझा बेंटलेवर सापडेल.

मोटारीचा कोरडा शिधा

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दुकानात तयार मिळते ते खेळणे. आमच्या छंदात मिळतो तो कोरडा शिधा. स्वयंपाक आपला आपण करायचा. पॉलिस्टायरिन नावाचे प्लॅस्टिक तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. ज्या वाटांनी ते आत शिरते त्या वाटांतले प्लॅस्टिकही थिजून काड्या होतात. त्यामुळे खोका उघडला की फांदीला चिंचा लटकाव्यात तसे बॉनेट, बंपर, आसने, आरसे सगळे एका चौकटीला लटकलेले दिसते. भाग शंभराच्या आसपास असतात; मालट्रकचा संच असेल तर दोन-तीनशेही असतात. ते एकेक कापायचे, कापल्या जागी कानशीने घासायचे, फटीत लांबी भरायची (होय, गॅरेजमध्ये भरतात तीच कल्पना), पुन्हा पॉलिश पेपर मारायचा, मग रंग.

जोडायचे द्रव्य म्हणजे डिंक नव्हे. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये बसून दोघींना धरून ठेवतो. हे द्रव्य प्लॅस्टिकच विरघळवते. दोन्ही कडा क्षणभर मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. म्हणूनच चूक झाली तर तीही एकजीव होते. काचेच्या जागी बसणाऱ्या पारदर्शक तुकड्याला मात्र झटपट चिकटणारे द्रव्य लावू नये. त्याच्या वाफेने तो पांढुरका होतो आणि नव्या मोटारीला मोतीबिंदू झाल्यासारखे दिसते.

मापांचे म्हणाल तर चोविसाव्या हिश्शाचे माप समजायला सर्वांत सोपे. फुटाला अर्धा इंच. साडेपाच फुटांचा गृहस्थ पावणेतीन इंचांचा होतो. तेरा फुटांची फियाट साडेसहा इंचांची. चाळीस फुटी अमेरिकन ट्रेलर मात्र वीस इंच होतो, पुढचा ट्रक वेगळाच. आणि मग तो ठेवायचा कोठे, हा प्रश्न छंदाचा न राहता संसाराचा होतो.

डेट्रॉइट, लंडन, शिझुओका

या छंदाचा जन्म मुलांसाठी झाला असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तो विक्रेत्यांसाठी झाला. दुसरे महायुद्ध संपले, अमेरिकेत लोक मोटारी घेऊ लागले, आणि १९४८ साली मिशिगन राज्यात एएमटी नावाची कंपनी निघाली. नावातले पहिले अक्षर अॅल्युमिनियमचे, कारण पहिली मोटार त्या धातूची होती; पण लौकरच कारभार प्लॅस्टिकवर आला. नव्या गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करून ती मोटारविक्रेत्यांना पुरवायची, हा धंदा. बाप खरी मोटार पाहात असे, तेव्हा मुलाचे डोळे छोट्या मोटारीवर असत. १९५८ साली याच साच्यांतून सुटे भाग काढून ते खोक्यात भरून विकण्याची युक्ती निघाली. त्यातही गंमत अशी की एका खोक्यातून तीन प्रकारांपैकी कोणतीही गाडी करता येई: कारखान्यातून येते तशी, हौसेने नटवलेली, किंवा शर्यतीची.

लंडनच्या एअरफिक्सची कथा तशीच. १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने ती काढली, ती हवा भरायची रबरी खेळणी करण्यासाठी. पुढे तेथे कंगवे होऊ लागले. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी त्यांनी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती केली, आणि तीच पुढे सुट्या भागांत विकायला आली. कंगव्यांच्या कारखान्यातून ट्रॅक्टर निघाला आणि ट्रॅक्टरमागून माझी बेंटले.

जपानात शिझुओका शहरी १९४६ साली तामिया कुटुंबाची लाकडाची वखार होती. तिथे आधी लाकडी प्रतिकृती होऊ लागल्या आणि १९६० च्या सुमारास प्लॅस्टिकच्या. या घराण्यातील शुन्साकु तामिया यांनी पोर्श मोटारीची प्रतिकृती करायची म्हणून खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती घरी आणून संपूर्ण सुटी केली! मापे घेतली, छायाचित्रे काढली. पुन्हा जोडताना मात्र कंपनीच्या माणसांना बोलवावे लागले म्हणतात. तो संच १९७६ साली बाजारात आला. आपल्याकडे असे कोणी केले तर घरचे लोक वैद्याला बोलावतील. पण शिझुओकात आज दर मे महिन्यात या छंदाचे मोठे प्रदर्शन भरते, ते अशाच माणसांच्या जिवावर.

आपल्याकडे सेंटी टॉइजसारख्यांनी अॅम्बॅसडर, रिक्षा, मालट्रक प्लॅस्टिकमध्ये आणले, पण ते तयार खेळणे. जोडायचे संच बहुतेक परदेशी. कोणाचा भाचा अमेरिकेहून यायचा असला की त्याच्या बॅगेत आमचे दोन खोके. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची जकात २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ साली ७० वर. हे संचही खेळण्यांतच मोडतात. तेव्हापासून आमच्यातील कित्येक सत्यवादी माणसे घरी किमती सांगताना असत्य बोलू लागली. मीही बोललो आहे.

एकशे चौदा खोके

आता या छंदाचा खरा रोग सांगतो. संच जोडायला महिना लागतो. घ्यायला पाच मिनिटे. साच्यातून पुन्हा निघेल न निघेल, म्हणून घेऊन ठेवायचा. निवृत्तीनंतर जोडू, म्हणून घेऊन ठेवायचा. ज्याच्याकडे न जोडलेल्या खोक्यांची उतरंड नाही असा या छंदातला माणूस मी पाहिलेला नाही.

माझे एक ज्येष्ठ स्नेही होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. रेल्वेच्या कारखान्यात त्यांची हयात गेली, आणि हात असा की पाहात राहावे. एकदा त्यांनी उरल्यासुरल्या भागांतून आणि प्लॅस्टिकच्या पत्र्यातून आपला देशी मालट्रक उभा केला. मागे 'हॉर्न ओके प्लीज', आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. लिंबू म्हणजे पिवळा रंगवलेला मोहरीचा दाणा, आणि मिरच्या म्हणजे ब्रशाचे हिरवे रंगवलेले केस. मोहरीच का, असे मी विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, "दीड इंचाचं लिंबू भागिले चोवीस. घरात शोधलं, डब्यात सापडलं."

अण्णांचे वडील मुंबईत टॅक्सी चालवीत. काळी-पिवळी फियाट. त्या टॅक्सीवर चार मुले शिकली. "मला बाबांची टॅक्सी करायची आहे," हे वाक्य मी अण्णांच्या तोंडून वीस वर्षे ऐकले. पण प्रत्येक वेळी पुढे एक 'पण' असे. आधी दाराच्या फटी नीट जमू देत. आधी काळ्या रंगावर हात बसू देत. बाबांच्या गाडीत चूक चालायची नाही. आणि मग सरावासाठी म्हणून आणखी एक संच घरी येई.

२०२२ च्या श्रावणात अण्णा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींचा फोन आला, "भावजी, त्या खोक्यांचं काय करायचं ते येऊन बघता का? मला त्यातलं काही कळत नाही."

मी दोन दिवस तिथे बसलो. एकशे चौदा खोके निघाले. पूर्ण झालेल्या गाड्या मोजून नऊ. एकेक खोका उघडत गेलो तसे एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. आपण समजतो की जोडले नाही तर संच तसाच राहील. तो राहात नाही. छोट्या टायरांचे व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेले असते. वर्षानुवर्षे ते झिरपते, आणि टायर ज्या भागाला टेकलेला असेल त्या भागाला खात जाते. एका शेव्हरोलेच्या काचेवर टायराची पूर्ण नक्षी उतरली होती. कित्येक खोक्यांतली पाण्यात भिजवून लावायची चित्रे पिवळी पडली होती. डिंकासारख्या द्रव्याच्या नळ्या दगड झाल्या होत्या. खोके बंद होते, पण आत काळ चालूच होता.

वहिनी दारात उभ्या राहून पाहात होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "भावजी, यातली ती टॅक्सी कुठली?"

मला एकदम उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे त्यांनीही ते वाक्य ऐकले होते. आणि मांडणीवरच्या नऊ गाड्यांपैकी एखादी ती असणारच, असे धरून त्या एक वर्ष त्या गाड्या पुसत होत्या.

टॅक्सी नव्हती. शेवटच्या खोक्यात एक वही होती: आराखडे, मापे, बाजूने आणि समोरून काढलेली फियाट. बरोबर प्लॅस्टिकच्या पत्र्याचे काही तुकडे. आणि आगपेटीत, कापसात गुंडाळलेला, टॅक्सीचा मीटर. पूर्वी मुंबईत टॅक्सीचे मीटर बाहेर डाव्या अंगाला बसवलेले असत, तसला. बासमतीच्या दाण्याएवढा. त्यावर पाडायची पट्टीसुद्धा होती. वीस वर्षांत बाबांच्या टॅक्सीचा तेवढा एकच भाग झाला होता, आणि तो निर्दोष होता.

खोके आमच्या छंदमित्रांत विकून पैसे वहिनींना नेऊन दिले. आकडा ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला प्रत्येक खोका दोनशेचा सांगायचे." त्यात राग होता, आणि तो रास्त होता. त्या पैशांत काय काय झाले असते याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला मी पाहिला. मला तेथे बसवेना.

घरी येऊन मी माझे खोके मोजले आणि जेवताना सौभाग्यवतींपुढे कबुली दिली, "माझ्याकडे त्रेसष्ट आहेत."

"पासष्ट," ती म्हणाली. "दोन माळ्यावर आहेत, हंड्यामागं. आणि किमतीची चिठ्ठी तुम्ही खालच्या बाजूची काढत नाही."

मोजणारा आणि वजन करणारा

वहिनींकडून मी ती वही आणि आगपेटी मागून घेतली होती. त्या वहीत फियाटची मागची बाजू नव्हती. मापे घ्यायला खरी गाडी हवी, आणि गाड्या संपत आल्या होत्या. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही राहणार नव्हती, आणि मी हा हिशेब करीत होतो तेव्हा गणपती येऊन ठेपले होते.

चार दिवस हिंडल्यावर एक सापडली. चालक साठीचा. मी टेप काढून डिकीची रुंदी घेऊ लागलो तसा तो खाली उतरला. "साहेब, घ्यायची आहे का?" मी सगळे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "मोजा, मोजा. आता भंगारवाला येणार तो वजन करणार. तुम्ही मोजता तरी." मग त्यानेच टेपचे दुसरे टोक धरले. मागच्या दिव्यांची उंची, नंबरपाटीची जागा, टपावरच्या कॅरिअरच्या दांड्या, सगळे मिळाले.

तयार संच मला मिळाला नाही, म्हणून अंग घरीच करावे लागले. आधी लाकडात गाडीचा आकार कोरायचा. मग प्लॅस्टिकचा पातळ पत्रा चौकटीत धरून तापवायचा. पापड सैल पडावा तसा तो मध्ये झोळला की त्या लाकडावर झटकन दाबायचा. गॅसवर हा उद्योग करताना पहिले सहा पत्रे वाया गेले. सातव्याने टप बरा निघाला. दारांच्या रेघा सुरीच्या पाठीने ओढल्या. चाके दुसऱ्या संचातली. बंपरची चकाकी वर्खासारख्या पातळ धातूच्या कागदाची. गिअरची काडी स्टीअरिंगलाच, जशी जुन्या फियाटला असे.

रंगात मी फसलो. काळ्यावर पिवळा चढत नाही. म्हणून आधी टप पिवळा करायचा, तो झाकून मग खाली काळा मारायचा. इतके ठाऊक असूनही पिवळा पुरता वाळण्याआधी मी पट्टी चिकटवली, आणि ती काढताना टपाची सालपटे निघाली. सगळे घासून पुन्हा पहिल्यापासून. उजव्या मागच्या दाराची फट डाव्यापेक्षा जास्त राहिली, ती राहिलीच. अण्णा असते तर त्यांनी भिंग लावून पाहिले असते आणि म्हणाले असते, "पुढच्या वेळी जमेल." पण या गाडीला पुढची वेळ नव्हती. मी ती फट तशीच ठेवली, आणि सर्वांत शेवटी आगपेटीतला मीटर बसवला. माझ्या त्या ओबडधोबड गाडीत तो एकच भाग राजासारखा दिसतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मुलांना हा छंद लावायचा असेल तर एक साधा, थोड्या भागांचा संच घ्या. बारीक कातरी, एक कानस, दोन प्रकारचे पॉलिश पेपर, दोन ब्रश. सुरुवातीला एवढे पुरे. धारदार पाते मोठ्यांच्या हाती असावे, आणि चिकटवण्याचे व रंगाचे काम खिडकी उघडी ठेवून करावे, कारण त्या वाफा चांगल्या नव्हेत. पहिली गाडी वाईट होईल. होऊ द्या, माझ्या बेंटलेवरचा अंगठा पाहायला केव्हाही या. आणि पहिला संच पुरा होईपर्यंत दुसरा घरात आणू नका. हा नियम मी स्वतः पन्नास वर्षे मोडला, म्हणूनच अधिकाराने सांगतो. माझ्या पासष्टांतले चाळीस मी आता दिले आहेत, बरेचसे शेजारच्या मुलांना. उरलेल्यांतले सहा झाले.

२०२४ च्या दिवाळीत मी टॅक्सी घेऊन वहिनींकडे गेलो. काचेची छोटी पेटी करून नेली होती. वहिनींनी झाकण काढले, टॅक्सी तळहातावर घेतली आणि प्रथम मीटर पाहिला. "हा यांच्या हातचा," त्या म्हणाल्या. मी सांगितलेले नव्हते. मग दाराच्या फटीवर बोट फिरवून म्हणाल्या, "मामंजींच्या गाडीचंसुद्धा हे दार नीट लागत नसे. पाय लावून बंद करायचे."

मी पेटी भिंतीवर कोठे बसवावी याचा विचार करीत होतो, तोवर त्यांचा नातू टॅक्सी उचलून पळाला. मी धावत खाली गेलो. इमारतीच्या आवारात मुलांचा किल्ला झाला होता. अळिवाची हिरवळ नुकती वर आली होती. पोराने टॅक्सी पायथ्याच्या रस्त्यावर उभी केली आणि शेजारी एक मावळा ठेवला. मावळा टपापेक्षा हातभर उंच. त्याला त्या दारातून आत शिरता येणे शक्य नव्हते.

मी सवयीने प्रमाणाबद्दल काही बोलणार होतो. वहिनी मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. "राहू द्या, भावजी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं खोक्यात होती."

भाऊबीजेपर्यंत ती तिथेच होती. रात्री मुले तिच्यापुढे पणती ठेवीत.